खांद्याची ओळ

बद्रीनाथनं भरल्या घंगाळाला लाथ घातली तसं कढत पाणी न्हाणीभर उसळलं आणि आवडाबाईच्या पोटऱ्या भाजल्या. ती ओरडली नाही. पसरलेल्या पायांवर बावीस दिवसांचं पोर पालथं होतं, त्याच्यावर ती ओणवी झाली आणि पाणी मोरीतून वाहून जाईपर्यंत तशीच राहिली.

“आनिक एकदा त्या गान्याचं नाव काढलंस तर बघ,” तो म्हणाला.

“काढीन,” पोराला उचलून पदरात गुंडाळत ती म्हणाली. “शंभरदा काढीन. लाथा घालून लेकराचा हात उचलनार हाय का?”

त्यानं घंगाळ उचललं आणि भिंतीवर आपटलं. तांब्याचं जुनं भांडं, त्याला काय होतंय? एक पोचा पडला. तसले पोचे त्या घरातल्या प्रत्येक भांड्याला होते. आवडाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा माणूस बैलाला शिवीसुद्धा देत नसे. मग पोलीस अॅक्शन झाली, मिल्ट्री आली, निजामाचं राज्य गेलं. लोकांनी साखर वाटली. आणि त्याच दिवसांपासून याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, बैल मार, गडी मार, जेवता जेवता ताट भिरकाव. दोनदा तिच्या अंगावरही हात टाकला होता. बाप डोळ्यांदेखत गेला, त्याचं हे दुःख आहे, असं ती शेजारणींना सांगायची. सांगता सांगता तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

पोराचा डावा हात बारशाच्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आला. बाळंतपण अडलं होतं, शेजारच्या गावची सुईण घाबरट निघाली, तिनं पोर ओढून काढलं. उजवा हात मुठी मारायचा, पाळण्याची दोरी धरायचा. डावा मात्र खांद्यापासून नुसता लोंबायचा, ओल्या फडक्यासारखा. दौलताबादच्या वैद्यानं लेप दिला. काही फरक पडला नाही. आवडाबाईला मात्र औषध ठाऊक होतं आणि ती ते रोज सकाळी नवऱ्याकडं मागत होती.

त्या घराण्यातली पोरं हुसेनबी पिंजारणीच्या पायांवर न्हायची. तिच्या आधी तिची सासू यायची. तेल लावताना पायापासून माथ्यापर्यंत एकेका अवयवाचं गाणं म्हणायचं. ओळ म्हटली की तो अवयव जागा होतो, ओळ राहिली तर निजून राहतो, असा त्या घरात समज होता. दवाखान्यातला कुणी हसेल, हसू दे. हुसेनबीच्या अंगठ्यांत काय होतं ते ज्यांची पोरं पांगळी होता होता राहिली त्यांना विचारावं.

पण हुसेनबी गावात नव्हती. पिंजाऱ्यांची चार घरं जळली तेव्हाच ती घाट चढून खुलताबादला गेली, ती पुन्हा आलीच नाही. मग नवराबायको दोघं मिळून गाणं जुळवू बघत होती. नणंदेच्या बाळंतपणात आवडाबाईनं पाणी ओतायचं काम केलं होतं, त्यामुळं तिला थोडं यायचं. बद्रीनाथ तर स्वतःच त्या पायांवर न्हाला होता. त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. हुसेनबीनं एकीकडं स्वतःचा मदार आणि दुसरीकडं पाटलाचा बद्री असं दोघांना पाजलं आणि पाच वर्षांचा होईतो न्हाऊ घातलं.

आधीच्या दिवशीचीच गोष्ट. आवडाबाईनं पोराचा तळवा हातात घेतला होता.

“तळपाया तळपाया, जाशील कुठं? मळ्याच्या बांधाला, हुरडा तिथं. हे आलं मला. मग गुडघा. गुडघ्या गुडघ्या, वाकशील कुठं? मायच्या... काय हो पुढं?”

“मायच्या नाय. गायीच्या कासेला, दूध तिथं.” दाराला टेकून तो बोलला, आणि बोलताना त्याला हसूही आलं.

“बघा, येतंय की तुम्हाला! आता हात.”

“हाता हाता, पोचशील कुठं? शिंक्याच्या मडक्याला, लोनी तिथं.”

“आन् माथ्याचं मला येतं. माथ्या माथ्या, टेकशील कुठं? देवाच्या पायरीला, गारवा तिथं. मधला खांदा तेवढा राह्यला. खांद्याचं सांगा.”

“नाय आठवत.”

“आवो, पाच वर्सं ऐकलंय तुम्ही.”

“नाय आठवत म्हनलं ना!”

आणि तो तरातरा निघून गेला होता. आज तिनं पुन्हा विचारलं, तर घंगाळ उलथं झालं.

आता खरं सांगायचं तर त्याला आठवत होतं. सगळं आठवत होतं, चालीसकट. जीभ वळत नव्हती ही गोष्ट वेगळी.

अॅक्शनच्या आधी दोन महिने रझाकार गावात आले होते. बद्रीनाथच्या बापानं, तात्यासाहेबांनी, सरहद्दीवरून निजामाशी लढणाऱ्या पोरांना धान्य पुरवलं, असा त्यांच्यावर आळ होता, आणि आळ खराच होता. रझाकारांना जमिनीतलं धान्याचं पेव सापडत नव्हतं. त्यांच्यात खाकी कपडे घातलेला मदार उभा होता. त्यानं मान खाली घालून गोठ्याकडं बोट केलं. का केलं, त्याच्या पाठीला कुणाची बंदूक टेकली होती की नव्हती, ते बद्रीनाथला दिसलं नाही. त्याला फक्त बोट दिसलं. पेव उघडलं, ज्वारी निघाली, आणि तात्यासाहेबांना गोठ्याच्याच मेढीला बांधून गोळी घातली. त्या वेळी आवडाबाई माहेरी होती. तिच्या भावानं तिला अॅक्शन होऊन पार निवळेपर्यंत पाठवलंच नाही.

मग भाद्रपदात मिल्ट्री आली आणि हवा फिरली. आजूबाजूच्या गावांतली माणसं कुऱ्हाडी, विळे, रॉकेलचे डबे घेऊन आली. रझाकार तर कधीच पळाले होते. सापडले ते पिंजारी, आतार, एक म्हातारा मुजावर. बद्रीनाथ घरातून कुऱ्हाड घेऊन निघाला तेव्हा त्याला अडवणारं कुणी नव्हतं. उलट लोकांनी त्याला पुढं केलं. पाटलाचा पोर, बाप मारलेला. पुढं चालायचा मान त्याचाच होता.

मदार त्यांना सापडला नव्हता. तो स्वतःहून बाहेर आला. बद्रीनाथच्या मळ्यात पुरुषभर उंच बाजरी उभी होती, तिच्यात तो दोन दिवस उपाशी लपला होता. बांधावरून बद्रीनाथचा आवाज ऐकला आणि दोन्ही हात वर करून तो बाजरीतून निघाला. “बद्री, म्या हाय रे,” म्हणाला. ओठ फुटले होते, पण तो चक्क हसत होता. सुटलो एकदाचा, असंच त्याला वाटलं असणार. पाठीमागं चाळीस माणसं उभी होती. कुणीतरी ओरडलं, “पाटील, बघता काय?” बद्रीनाथनं कुऱ्हाड उचलली ती डोक्यावर पडायची, मदारनं मान बाजूला केली म्हणून डाव्या खांद्यात बसली. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज त्याला हातांत जाणवला. पातं अडकलं. ओढून काढायला मदारच्या छातीवर पाय द्यावा लागला. तेवढ्यात बाकीचे पुढं पळाले, घरं पेटवायला. मागं दोघंच उरले. मदार गुडघ्यावर बसला, तुटल्या खांद्याकडं बघितलं, मग बद्रीनाथकडं. बद्रीनाथ पळत विहिरीवर गेला आणि धोतर धूत बसला.

मदारला गावानं मारलं, असं सगळे म्हणायचे. बद्रीनाथही म्हणायचा. गाव म्हटलं की बरं असतं, गावाला कुणी जाब विचारत नाही. आणि आता त्याचंच पोर डाव्या खांद्यानं लुळं जन्मलं होतं. बाप होऊन तो पोराकडं धड बघूही शकत नव्हता, तर ती ओळ कुठल्या तोंडानं म्हणणार होता?

“मी जाते,” आवडाबाई म्हणाली. भाजलेल्या पोटऱ्यांना तिनं चिंचोळी फडकी गुंडाळली होती आणि पोराला झोळीत बांधलं होतं. “हुसेनबी बूबूकडं जाते. पायी घाट चढते. बघते कोन अडवतंय.”

“ओली बाळंतीन तू. मरशील.”

“मरीन. हात नसलेलं पोर वाढवन्यापरीस बरं. दोन वर्सात तुम्ही त्या म्हातारीची इचारपूस केली नाय. तिचं दूध पेलाव ना तुम्ही? जनाची नाय, मनाची तरी!”

त्यानं हात उगारला. तिनं गाल पुढं केला. उगारलेल्या हाताचं काय करावं हे त्याला कळेना, तेव्हा त्यानं खुंटीवरचा चाबूक काढला आणि तिला घरीच ठेवून गाडी जुंपायला गेला.

घाटात त्यानं बैलांना मारमार मारलं. बैल काही अडले नव्हते, बिचारे आपले चढत होते. डावीकडच्या बैलाच्या पाठीवर रक्ताची रेघ उमटली तेव्हा कुठं त्यानं चाबूक खाली ठेवला. तिला काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो करत होता. लेकरू आजारी आहे म्हणावं. लुगडं, पायलीभर गहू कबूल करावेत. आणि तिला ठाऊक असेल तर? मग वाटलं, ठाऊक असणं शक्यच नाही. बाजरीच्या बांधावर दोघंच होते, आणि त्यातला एक गेला.

खुलताबादच्या वेशीतून आत गेल्यावर दर्ग्यामागच्या बोळात हुसेनबी एका खोलीच्या दारात रजईला दोरा घालत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. त्याला पाहून तिची सुई थांबली नाही.

“बूबू,” तो म्हणाला.

“किती दिसाचं झालं?” तिनं विचारलं.

“बावीस. तुला कुनी सांगितलं?”

“दर्ग्याच्या लंगरापाशी सगळं कळतं. कोनता हात?”

“डावा.”

तिची सुई तेव्हा थांबली. दातानं दोरा तोडून तिनं रजई घडी केली, आतून तेलाची शिशी आणली आणि काही न विचारता गाडीत चढून बसली. उतारावर बैल जरा धावू लागले तसा त्याचा हात चाबकाकडं गेला.

“मारू नको त्यांना,” ती मागून म्हणाली.

घरी आल्यावर आवडाबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, पोराला तिच्या ओटीत दिलं आणि रडून घेतलं. हुसेनबी रडली नाही. तिनं लुगडं मांडीपर्यंत सावरून न्हाणीत पाय पसरले, पोराला पालथं घातलं, तेल तळव्यावर घेतलं. बद्रीनाथ दारात उभा राहिला. जावं असं त्याच्या फार मनात होतं. पण म्हातारीचे हात पोराच्या मानेपासून चार बोटांवर होते, आणि त्याला घरातून पाय काढवेना. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

“तळपाया तळपाया, जाशील कुठं?” हुसेनबीचा आवाज फाटला होता, पण चाल तीच होती. “मळ्याच्या बांधाला, हुरडा तिथं.”

पोर रडायचं थांबलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा ते अंघोळीला शांत होतं. गुडघे झाले. पाठ झाली. आवडाबाई पाणी ओतत होती आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती. हात झाले. मग म्हातारीची बोटं डाव्या खांद्यावर आली आणि तिथंच थांबली.

“म्हना की, बूबू,” आवडाबाई म्हणाली. “हीच ओळ आमाला येत नाय.”

“मला बी येईना झाली, पोरी.”

“आसं कसं? तुमचंच गानं.”

“सांगते.” हुसेनबीनं पोराच्या पाठीवर गरम हात ठेवला, ते गारठू नये म्हणून. “आमच्यात गडीमानूस गेला की गडीमानसंच त्याला आंघूळ घालत्यात. त्या दिशी मोहल्ल्यात एक गडी उरला नव्हता. मदारला म्याच खाटेवर घेतला, म्याच धुतला. पायापासून सुरू केलं, हाताला तीच सवय. तोंडातून आपोआप गानं यायला लागलं. तळपाय झाला, गुडघा झाला, हात झाला. खांद्यापाशी आले. पानी ओतलं तर पानी आत जाई. बाहेर येईना. तांब्यावर तांबे ओतले म्या. तवापासून ती ओळ म्या म्हनत नाय.”

आवडाबाईनं तांब्या खाली ठेवला. “कुनी मारलं हो त्याला, बूबू? गाव म्हनतं गावानं मारलं.”

“बाजरीच्या बांधावर मला गावला, दिवस मावळंस्तवर जीव होता त्याच्यात. तीनदा इचारलं म्या, कोन होतं रे? तिन्ही बारी त्यानं तोंड फिरवलं. नाव घेतलं नाय.” म्हातारीनं मान वर करून बघितलं, पण आवडाबाईकडं नव्हे. “दुसऱ्या कुनाचं बी असतं तर त्यानं घेतलं असतं.”

चुलवणावरचं पाणी खदखदत होतं.

“हात चोळून म्या जागा करीन,” हुसेनबी म्हणाली. “हाड शाबूत हाय. शिर दबली हाय, येईल जाग्यावर. पर ती ओळ म्हटल्याबगार म्या खांद्याला बोट लावनार नाय. बापानं म्हनायची.”

“त्यांना येत नाय, बूबू. चार दिस झाले इचारून...”

“येतं त्याला.”

आवडाबाई वळली. नवरा दाराची चौकट धरून उभा होता. दोन वर्षं ती ज्याला दुःख समजत होती ते त्याच्या तोंडावर होतं, आणि ते दुःख नव्हतं. भीती होती ती, निव्वळ भीती. ज्या हातांनी चौकट धरली होती त्यांच्याकडं तिनं बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. ताटं भिरकावणारे, बैल फोडणारे हात. ती उठली आणि त्याच्या नि पोराच्या मधे, ओल्या फरशीवर, त्याच्याकडं पाठ करून बसली.

“सरक, पोरी,” हुसेनबी म्हणाली. “त्याला दिसू दे.”

आवडाबाई सरकली. पोराचा खांदा उघडा पडला, तेलानं चकाकणारा, सुपारीएवढा.

“खांद्या खांद्या,” बद्रीनाथ म्हणाला. पहिल्यांदा नुसता वाराच आला. “खांद्या खांद्या, वाहशील काय?”

पुढं जाईना. पोरानं तोंड वळवून पायावर गाल टेकला आणि जांभई दिली. चौकट धरलेले हात सुटले, तो दारातच खाली बसला, आणि मान खाली घालून, लहान पोरं म्हणतात त्या चालीत, त्यानं पुरी केली.

“भावाचं वझं, आनिक काय.”

हुसेनबीनं डोळे मिटले, उघडले. मग अंगठा तेलात बुडवला आणि खांद्याच्या खोबणीत ठेवून हळूहळू फिरवू लागली. पोर कळवळलं, तिनं दाब कमी केला. आवडाबाईनं तांब्या भरला, पण ओतायचा राहिला.

“एका दिसात येत नाय हा हात,” म्हातारी कामावरची नजर न काढता म्हणाली. “चाळीस दिस चोळावा लागंल. गोठ्यात खाट टाका माझी. रोज सकाळी घालीन आंघूळ.”

“आन् गानं?” आवडाबाईनं विचारलं.

“बाकीचं म्या म्हनीन.”

तिनं पोराला सुलटं केलं, ढिला हात आपल्या तळव्यावर घेऊन वर उचलला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मग शिशीतून आणखी थोडं तेल ओतून घेतलं.

“म्हन,” ती दारातल्या बद्रीनाथला म्हणाली. “आता नीट म्हन. माझ्याकडं बघून.”